मराठी ब्लॉग सुरू करताय? ट्रायपॉड नंतर घ्या

ब्लॉग काढायचं ठरलं की बहुतेकांची पहिली फेरी नाशिकच्या एमजी रोडवर होते. ट्रायपॉड, रिंग लाइट, कॉलरचा माइक आणि जमलंच तर नवा फोन. लिखाणाला यातलं काहीच लागत नाही. लागतं ते हे: बोटांना सवय झालेला कीबोर्ड, वीज गेली तरी चालू राहणारं इंटरनेट आणि कुठल्याही कंपनीच्या मर्जीवर नसलेली मजकुराची प्रत. ही प्रत सगळ्यात स्वस्त पडते आणि तिच्याकडेच सगळ्यात कमी लक्ष जातं. इंटरनेटवरच्या सेवा बंद पडत असतात: जिओसिटीज २००९ मध्ये बंद झालं, पोस्टरस ३० एप्रिल २०१३ ला, गुगल रीडर त्याच वर्षी १ जुलैला आणि टाइपपॅड ३० सप्टेंबर २०२५ ला. ब्लॉगर १९९९ पासून आणि वर्डप्रेस २००३ पासून चालू आहे, पण म्हणून ती कायमची राहतील असं कुणी लिहून दिलेलं नाही. साधन आज ना उद्या बदलणार, हे धरूनच सगळी मांडणी करायची.

आधी फाइल, मग ब्लॉग

ब्लॉगच्या चौकटीत थेट लिहू नका. संगणकावर किंवा फोनवर साधी टेक्स्ट फाइल उघडा, तिच्यात लिहा आणि लेख पुरा झाला की तिथे चिकटवा. प्रत्येक लेखाला एक फोल्डर करा. त्याच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस आणि शेवटी रोमन लिपीत दोन-तीन शब्द. असं केलं की फोल्डर आपोआप तारखेच्या क्रमाने लागतात. आत मजकूर, मूळ फोटो आणि लहान केलेले फोटो, बस्स. शीर्षकं, दुवे दाखवायला २००४ पासून रूढ असलेली मार्कडाउनची खूण वापरली तर तीच फाइल पुढे कुठल्याही साधनात जाते.

फाइल यूटीएफ-८ मध्येच, म्हणजे अक्षरं नोंदवण्याच्या या पद्धतीतच, साठवा. विंडोजवरच्या जुन्या नोटपॅडमध्ये साठवताना ‘एएनएसआय’ हा पर्याय आपोआप निवडलेला असायचा. त्यात देवनागरी साठवली की प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह येतं आणि ते परत फिरवता येत नाही, कारण मूळ अक्षर फाइलमध्ये उरलेलंच नसतं. विंडोज १० च्या २०१९ च्या आवृत्तीपासून नोटपॅड स्वतःहून यूटीएफ-८ घेतं. घरातला संगणक त्याहून जुना असेल तर ‘सेव्ह ॲज’च्या खाली एन्कोडिंगची खिडकी असते, ती रोज पाहावी लागेल.

डीटीपीवाल्याकडून आलेला मजकूर हा नाशिकमध्ये हमखास येणारा प्रश्न. दिवाळी अंकातला लेख, संस्थेची स्मरणिका, वडिलांचं कवितांचं हस्तलिखित, सगळं श्रीलिपीत नाहीतर शिवाजी फाँटात असतं. ते ब्लॉगवर चिकटवलं की अगम्य चिन्हांची रांग दिसते, कारण ती युनिकोड, म्हणजे सगळ्या साधनांना समजणारी प्रमाण, देवनागरी नसते. रोमन अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवलेले असतात. रूपांतर करणारी मोफत साधनं आहेत, पण त्यांच्यावर डोळे झाकून विसंबू नका. जुन्या फाँटात पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी टंकलेली असते आणि रफार नंतर. युनिकोडमध्ये नेमकं उलटं: वेलांटी व्यंजनानंतर, रफार आधी. म्हणून जिथे दोन्ही एकत्र येतात तिथे रूपांतर हमखास अडखळतं. ‘आर्थिक’, ‘निर्मिती’, ‘वार्षिक’ असे शब्द शोधून तपासा. ते नीट उतरले असतील तर उरलेला मजकूर बहुधा ठीक असतो.

वर्डमधून उचललेला मजकूरही तसाच चिकटवू नका. त्याच्यासोबत फाँटचं नाव, रंग, ओळींतली अंतरं असा अदृश्य कचरा येतो आणि मग एक परिच्छेद लहान, दुसरा मोठा दिसतो. कंट्रोल-शिफ्ट-व्ही दाबा, फोनवर ‘साध्या मजकुराच्या रूपात पेस्ट करा’ हा पर्याय घ्या.

टंकलेखन

फोनवर जीबोर्डमधलं मराठी पुरेसं आहे. रोमनमधून मराठी, थेट देवनागरी, बोटाने लिहून आणि बोलून, चारही प्रकार त्यात आहेत. बोलून लिहिलेला मजकूर मात्र विरामचिन्हांसाठी आणि ऱ्हस्व-दीर्घासाठी पुन्हा वाचावाच लागतो. हजार शब्दांचा लेख बोलायला दहा मिनिटं लागतात आणि सुधारायला पाऊण तास, हा हिशेब धरून ठेवा.

आठवड्याला एक लेख लिहायचा असेल तर कीबोर्ड घ्या आणि इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीची कळांची प्रमाण मांडणी, शिका. पाच-सातशे रुपयांचा वायरवाला चालतो. विंडोजमध्ये भाषांच्या सेटिंगमधून मराठी जोडली की इनस्क्रिप्ट येतं, आणि २०१९ पासून ‘मराठी फोनेटिक’ही मिळतं. विंडोजची कळ आणि स्पेस एकत्र दाबली की भाषा बदलते. इनस्क्रिप्टमध्ये स्वरचिन्हं डाव्या हाताखाली आणि व्यंजनं बहुतांशी उजव्या हाताखाली असतात, त्यामुळे हात आळीपाळीने चालतात. ‘नाशिक’ म्हणजे व्ही, ई, शिफ्ट-एम, एफ, के. ‘गोदावरी’ म्हणजे आय, ए, ओ, ई, बी, जे, आर. जोडाक्षरासाठी मध्ये डी, ळ साठी शिफ्ट-एन. रोज अर्धा तास दिला तर दोन-तीन आठवड्यांत कीबोर्डकडे न बघता हात चालतो. ज्यांची टायपिंगची परीक्षा झालेली आहे त्यांनी मात्र टाइपरायटरची जुनी रेमिंग्टन मांडणीच ठेवावी. बसलेला हात मोडून नवा बसवण्यात शहाणपण नाही.

दोन अक्षरं मराठीत विशेष त्रास देतात. पहिलं ॲ. ते तीन प्रकारे लिहिलं जातं: अ वर चंद्र देऊन, मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह घालून, किंवा युनिकोडमध्ये २००८ साली आलेलं स्वतंत्र ॲ वापरून. डोळ्यांना तिन्ही जवळपास सारखी दिसतात, पण शोधणाऱ्या यंत्राला ती तीन वेगळी अक्षरं वाटतात. ‘ॲप’ शोधलं तर तुमचा लेख सापडेलच असं नाही. स्वतंत्र ॲ ठरवून घ्या आणि जुन्या लेखांत ‘शोधा आणि बदला’ चालवा.

दुसरा अर्धा र, म्हणजे ‘ऱ्या’मधला. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट-जे, मग डी, मग स्लॅश दाबलं की तो थेट उमटतो. काही कीबोर्ड मात्र साधा र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह अशी जोडणी करतात. मजकूर एका साधनातून दुसऱ्यात नेताना एखादं ‘सफाई’ करणारं साधन ते अदृश्य चिन्ह उडवून टाकतं आणि त्र्यंबकच्या दऱ्यांचा दर्या होतो. स्थलांतरानंतर ‘र्या’ शोधून एकेक शब्द पाहिल्याशिवाय हे कळत नाही, कारण शुद्धलेखन तपासणीला दोन्ही शब्द बरोबरच वाटतात.

कोणतं साधन?

फार खल करू नका. ज्याला फक्त लिहायचंय त्याने ब्लॉगर घ्यावं आणि त्याला स्वतःचं डोमेन, म्हणजे साइटचं नाव-पत्ता, जोडावं. जोडण्याचे पैसे लागत नाहीत, खर्च फक्त डोमेनचा. ज्याला पानांची रचना, सभासद, दुकान असं काही हवंय आणि महिन्यातून एकदा तासभर देखभालीला देता येतो त्याने स्वतःच्या होस्टिंगवर, म्हणजे भाड्याने घेतलेल्या सर्व्हरच्या जागेत, वर्डप्रेस टाकावं. देखभाल नाही केली तर प्लगइन, म्हणजे वरून जोडलेले छोटे प्रोग्रॅम, जुनी होतात आणि बहुतेक ब्लॉग तिथूनच फोडले जातात. काळ्या पडद्यावर आज्ञा टंकायला जो बिचकत नाही त्याच्यासाठी टेक्स्ट फाइलींतून साइट बनवणारं ह्यूगो किंवा जेकिल: डेटाबेस नाही, फोडायला काही नाही, आणि सातपूर-अंबडच्या कारखान्यात संगणकाशी रोज झटापट करणाऱ्याला ते एका रविवारी जमून जातं.

डोमेन स्वतःच्या नावावर आणि स्वतःच्या ईमेलवर घ्या. साइट करून देणाऱ्याने त्याच्या खात्यातून घेतलेलं डोमेन भांडण झालं किंवा त्याने धंदा बदलला की हातचं जातं. किंमत पाहताना पहिल्या वर्षाची जाहिरात सोडून द्या, दुसऱ्या वर्षीचा नूतनीकरणाचा दर वाचा. ‘.भारत’ डोमेन २०१४ पासून देवनागरीत मिळतं आणि दिसतंही छान, पण काही ॲपमध्ये ते ‘एक्सएन’ने सुरू होणाऱ्या रोमन अक्षरांच्या जंजाळात बदलून दिसतं. हौस असेल तर दुसरं डोमेन म्हणून ठेवा.

लेखाचा पत्ता रोमनमध्येच

शीर्षक मराठीत आणि पत्ता रोमनमध्ये, हा नियम पहिल्या लेखापासून पाळा. कारण तांत्रिक आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट घेतं आणि वेबच्या पत्त्यात प्रत्येक बाइटचं टक्क्याच्या खुणेसह तीन अक्षरांत रूपांतर होतं. म्हणजे एका चिन्हाला नऊ अक्षरं. ‘नाशिक’ एवढ्या शब्दाची पंचेचाळीस होतात. व्हॉट्सॲपवर असा दुवा पाठवला की अर्धा पडदा टक्क्यांनी भरतो आणि लोक तो फसवणुकीचा समजून उघडत नाहीत.

वर्डप्रेस पत्त्यातला शीर्षकाचा भाग २०० अक्षरांवर कापतं, म्हणजे देवनागरीची जेमतेम बावीस चिन्हं. ‘गोदावरीचा पूर आणि दुतोंड्या मारुती’ असं शीर्षक दिलंत तर पत्ता ‘दुतोंड’ इथे तुटतो, पुढचा ‘या’ आणि अख्खा मारुती गायब. ब्लॉगरची तऱ्हा वेगळी. शीर्षकात एकही रोमन अक्षर नसेल तर ते पत्त्याला नुसतं ‘ब्लॉग-पोस्ट’ असं नाव देतं आणि पुढच्यांना मागे आकडे जोडत जातं. दोन्हीकडे उपाय सोपा आहे. वर्डप्रेसमध्ये उजवीकडच्या पट्टीत ‘स्लग’ बदला. ब्लॉगरमध्ये ‘कस्टम पर्मालिंक’ भरा, आणि तेही प्रकाशित करण्यापूर्वी, कारण प्रकाशित लेखाचा पत्ता तिथे तसाच बदलता येत नाही, आधी लेख मसुद्यात परत न्यावा लागतो.

दिसणं

तयार थीम इंग्रजीसाठी बनवलेल्या असतात. त्यातली तीन कलमं बदला. अक्षरांमधलं जादा अंतर, म्हणजे ‘लेटर स्पेसिंग’, शून्य करा, नाहीतर शिरोरेघा तुटून शब्दाचे तुकडे पडतात. ओळीची उंची १.७ च्या आसपास ठेवा, कमी असेल तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला टेकतो. आणि तिरकी अक्षरं बंद. देवनागरीला खरी तिरकी मोड बहुतेक फाँटांत नसते, ब्राउझर सरळ अक्षरालाच कलवतो आणि ते वाईट दिसतं.

फाँट म्हणून एक टाइप या मुंबईच्या संस्थेचा मुक्ता किंवा पुस्तकी वळण हवं असेल तर तिरो देवनागरी मराठी घ्या. दोन्ही मोफत आहेत. मुक्ताच्या सात जाड्या आहेत, त्यातल्या साधी आणि ठळक या दोनच जोडा. पानाची भाषा सेटिंगमध्ये ‘मराठी’ निवडायला विसरू नका. हिंदी राहिली तर काही फाँटांत ल आणि श हिंदी वळणाचे येतात.

फोटो

फोनमधला १२ मेगापिक्सेलचा फोटो साधारण ४००० बाय ३००० पिक्सेलचा आणि तीन-चार एमबीचा असतो. लेखासाठी लांब बाजू १६०० पिक्सेल आणि जेपेग दर्जा ७५ ते ८० पुरे. त्यात तो दोन ते चारशे केबीत बसतो. ब्राउझरमध्ये चालणारं स्क्वूश हे काम फुकट करतं. व्हॉट्सॲपवर दुव्यासोबत जो फोटो दिसावा असं वाटतं तो ३०० केबीच्या आत ठेवा. आयफोन वापरत असाल तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ‘फॉरमॅट्स’ खाली ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडा, नाहीतर हेइक प्रकारचा फोटो काही साधनांना उघडत नाही.

फोटोत ठिकाणाची नोंद असते, ही गोष्ट बरेच जण सोडून देतात. घरच्या गॅलरीतून काढलेल्या पावसाच्या फोटोत तुमच्या घराचे अक्षांश-रेखांश असतात आणि स्वतःच्या होस्टिंगवरच्या वर्डप्रेसमध्ये मूळ फाइल जशीच्या तशी राहते. २५६० पिक्सेलपेक्षा मोठ्या फोटोची ते लहान प्रत बनवतं, पण मूळही सर्व्हरवर ठेवतं. कॅमेऱ्याच्या सेटिंगमधली ‘सेव्ह लोकेशन’ची कळ बंद करा. स्वतःलाच व्हॉट्सॲपवर फोटो पाठवून परत घेतला की नोंद निघून जाते, पण दर्जाही उतरतो आणि तारीखही जाते. एखाद्या फोटोपुरती ही युक्ती ठीक.

उपकरणं, आता

पहिला खर्च राउटरच्या मिनी यूपीएसवर करा. महावितरणची देखभालीची वीजबंदी असो की जूनमधला वादळी पाऊस, लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते, तो चालू राहतो आणि इंटरनेट तेवढं जातं. हजार ते दोन हजारांत हे काम होतं. दुकानात जाण्यापूर्वी राउटरच्या ॲडॉप्टरवरचा मजकूर फोटो काढून न्या: १२ व्होल्ट की ९ व्होल्ट, किती अँपिअर. व्होल्ट तंतोतंत जुळला पाहिजे. अँपिअर यूपीएसचा जास्त असला तर चालतो, कमी चालत नाही. पिनेचा बाहेरचा व्यास बहुधा ५.५ मिलिमीटर असतो, पण आतला २.१ किंवा २.५. चुकीची पिन सैल बसते आणि धक्का लागला की राउटर बंद-चालू होत राहतो. गोल खुणेवर मध्यभागी अधिक असल्याचंही दोन्हीकडे तपासा.

फायबरचा डबा आणि वायफायचा डबा वेगळे असतील तर दोघांनाही यूपीएस हवा. नुसत्या राउटरला दिलात तर वायफायचं चिन्ह दिसत राहील आणि इंटरनेट येणार नाही. आणखी एक तपासणी पैसे देण्यापूर्वी करा. थेट घरात फायबर आली असेल तर वाटेतला फाटा बिनविजेचा असतो, त्यामुळे गल्लीतली वीज गेली तरी सिग्नल राहतो. पण इमारतीच्या गच्चीवर किंवा जिन्यात केबलवाल्याची स्विचपेटी असेल आणि तिथून निळी-पिवळी तार येत असेल तर ती पेटीच बंद पडते. तिथे तुमचा यूपीएस निरुपयोगी आहे. केबलवाल्याला विचारा.

किती वेळ चालेल ते डब्यावरच्या मिलीअँपिअरवरून ठरवू नका. २००० चे चार सेल म्हणजे ८००० मिलीअँपिअर-तास, पण ते ३.७ व्होल्टला. गुणाकार केला की २९.६ वॅट-तास, त्यातला काही व्होल्ट वाढवण्यात जातो, हाती साधारण २५. फायबर आणि वायफाय एकाच डब्यात असतील तर तो ६ ते ८ वॅट खातो, म्हणजे तीन-चार तास. यूपीएस राउटरच्या डोक्यावर ठेवू नका, उन्हाळ्यात दोघंही एकमेकांना तापवतात आणि सेल लवकर फुगतात. फुगलेला डबा दिसला की वापर बंद.

पॉवर बँकेला हाच हिशेब लागतो. १०,००० चं म्हणजे ३७ वॅट-तास, त्यातून ५००० चा फोन सव्वा ते दीड वेळा भरतो. पेटीवर भारतीय मानक ब्युरोचा आर ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहा. २०,००० चं ७४ वॅट-तासांचं भरतं, विमानात हातातल्या सामानात १०० पर्यंत चालतं. रंगपंचमीला नाशिकच्या रहाडीवर, म्हणजे रंगाच्या जुन्या हौदावर, दिवसभर फिरणाऱ्यालाही दहा हजार पुरतं. मोठं घेतलं तर ते घरीच राहतं, जड असतं म्हणून.

मेमरी कार्ड घेताना पक्कं बिल घ्या. ६४ जीबीचं कार्ड संगणकात ५९ च्या आसपास दिसतं, ती फसवणूक नाही, मोजण्याच्या दोन पद्धतींतला फरक आहे. फसवणूक वेगळी असते: कार्ड ६४ सांगतं आणि आत ८ असतात. फोटो जातात, नावं दिसतात, उघडत मात्र नाहीत. विंडोजवर एचटू-टेस्ट-डब्ल्यू, लिनक्स-मॅकवर एफ-थ्री हा प्रोग्रॅम पूर्ण कार्ड भरून वाचून पाहतो. तासाभराहून जास्त लागतो, पण घेतल्या दिवशीच करा, म्हणजे बदलून मागता येतं.

२०२७ च्या सिंहस्थात घाटावरून लिहायचा विचार असेल तर तिथून चढवायचा नाद सोडा. गर्दीत मोबाइलचा मनोरा दिसत असतो, पण त्याच्यावर हजारो फोन लटकलेले असतात. फोटो अर्धा जातो, ॲप मसुदा अडकवून ठेवतं आणि क्वचित दोनदा प्रकाशित करतं. नोंदी इंटरनेटशिवाय चालणाऱ्या वहीत करा, घरी येऊन चढवा.

प्रत, आणि ती उघडून पाहणं

ब्लॉगरमधून सेटिंगमधल्या बॅकअपने किंवा गुगल टेकआउटने, वर्डप्रेसमधून ‘एक्सपोर्ट’ने लेखांची फाइल मिळते. तिच्यात फोटोंचे दुवे असतात, फोटो नसतात. वर्डप्रेसच्या पूर्ण प्रतीसाठी डेटाबेस आणि ‘डब्ल्यूपी-कंटेंट’ हा फोल्डर, दोन्ही हवेत. महिन्यातून एकदा ही फाइल आणि लेखांचे फोल्डर बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवा आणि एक प्रत क्लाउडवर ठेवा. पेनड्राइव्ह कपाटात वर्षानुवर्षं ठेवायची वस्तू नाही, वीज न मिळालेल्या फ्लॅशमधला डेटा हळूहळू विरतो.

वर्षातून एकदा ती फाइल नव्या, खाजगी ठेवलेल्या ब्लॉगवर आयात करून पाहा. लेखांची संख्या जुळते का, ‘आर्थिक’ आणि ‘दऱ्या’ नीट आहेत का, जुन्या लेखातला एखादा फोटो उघडतो का, एवढं पाहिलं की तो ब्लॉग काढून टाका.

गुगल खातं सलग २ वर्षं वापरलं गेलं नाही तर गुगल ते काढून टाकू शकतं, आणि ब्लॉगर त्या खात्यावरच असतो. खात्याच्या सेटिंगमध्ये ‘इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ आहे. तिथे मुलाचा, सुनेचा किंवा भाचीचा ईमेल भरून ठेवा आणि त्यांना तसं सांगाही. डोमेनच्या नूतनीकरणाचं स्मरणपत्र ज्या ईमेलवर येतं तो पत्ताही त्यांच्यासाठी एका चिठ्ठीत लिहून ठेवा.